सिस्टर आणि 'कंदील'चं शेंडेफळ

आमच्या समोरच्या दारातल्या सिस्टर शत्रूला मारायच्या आधी त्याला सांगायच्या, "जरा टोचेल हं." मग बटण दाबायच्या. टीव्हीच्या पडद्यावर तलवार फिरायची, शिंगं असलेला तो दैत्य धाडकन कोसळायचा आणि सिस्टर पुटपुटायच्या, "झालं, झालं. संपलं." उभा जन्म सरकारी इस्पितळात इंजेक्शनं देण्यात गेलेला. हातात सुई असो वा तलवार, समोरच्याला सांगितल्याशिवाय काही करायचं नाही, ही त्यांची शिस्त होती.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं भावंडं भांडत होतात. गेमची मूळ मालिका खरी की नंतर निघालेला तो नुसत्या काटाकाटीचा गेम खरा, असा वाद होता. मी मध्येच म्हणाले, "पुलावरचे दरवाजे राखायचे आहेत ना, तिथं कोपऱ्यातल्या शिपायांच्या मागे लागू नका." तुम्ही दोघं भांडण सोडून कॅमेऱ्याजवळ आलात. आजीला हे कसं ठाऊक, याचं उत्तर फोनवर देण्याजोगं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. सिस्टर आता नाहीत, गेल्या वर्षी गेल्या. तुम्ही लहानपणी मुलुंडला यायचात तेव्हा गुळपापडी देणाऱ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घालणाऱ्या त्या समोरच्या आजी. त्यांचं नाव तुम्हाला आठवणार नाही, कारण ते कोणीच घेत नसे. वॉचमनपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टर होत्या.

त्या मूळच्या मालवणकडच्या. वडील गिरणीत होते, त्यामुळे बालपण लालबागच्या चाळीत गेलेलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर मुलुंडच्या या घरात एकट्या राहत. त्यांची भाची शुभदा दहिसरला असते. तिने नवं गेमचं यंत्र घेतलं तेव्हा जुनं मावशीकडे आणून ठेवलं, "पडू दे एका बाजूला" म्हणून. ते एका बाजूला पडलं नाही. पिशवीत एकच गेम होता, एका मालिकेचा पहिला भाग. त्या मालिकेचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. त्यातला नायक कंदील घेऊन गावोगाव हिंडतो म्हणून सिस्टर तिला 'कंदील' म्हणत, मग मीही तेच म्हणू लागले. चार भाग आहेत; पुढचे तिन्ही सिस्टरांनी शुभदाकडून मागवून घेतले. शांत खेळ. माणसांशी बोलायचं, त्यांचं दुखणं ऐकायचं, कोणाला मदत करायची ते ठरवायचं. लढाई आलीच तर एकदा तुमची टर्न, एकदा शत्रूची. तुम्ही तासभर विचार केलात तरी शत्रू बिचारा हातातली कुऱ्हाड सावरत उभा.

"मॅडम, हा गेम थांबतो हो," त्या मला कौतुकाने सांगायच्या. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून मी 'मॅडम'. "चहा करून आलं, पिऊन झाला, कप धुतला, तरी हा आपला उभा. माझ्यासाठी अख्ख्या नोकरीत कोण थांबलं नाही."

त्या खेळायच्याही कशा! गेममधल्या प्रत्येक पात्राचा केसपेपर ठेवलेला असे. लांब वहीत रेघा मारून नाव, गाव, तक्रार, उपाय, आणि शेवटी शेरा. 'लोहार. गाव तिसरं. मुलाशी बोलत नाही. पत्र पोचवलं. सुधारणा.' मला व्यवस्थितपणाची आवड आहे हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून तुमची आई अजून मला हसते. पण सिस्टरांच्या वह्या पाहून मीसुद्धा हार मानली.

आमची खरी ओळख झाली ती इंग्रजीमुळे. जगभरातले 'कंदील'चे चाहते इंटरनेटवरच्या एका कट्ट्यावर जमतात आणि तावातावाने भांडतात. सिस्टर तिथं 'बेड नाइन' या नावाने मतं लिहीत. लोकांना वाटे, कोणीतरी दणकट, अबोल पुरुष असणार. त्यांची मतं आखूड आणि ठाम असत, म्हणून त्यांना मान होता. पाठवण्याआधी मजकूर माझ्याकडे यायचा. "स्पेलिंग तेवढं बघा." एकदा त्यांनी लिहिलं होतं की तिसऱ्या भागाच्या कथेला मधोमध ताप चढला आहे. मी म्हटलं, "सिस्टर, इंग्रजीत कथेला ताप येत नाही."

"का येत नाही? हातपाय गार, डोकं गरम, काहीही बडबडते आहे. ताप नाही तर काय?"

मी ते वाक्य तसंच ठेवलं. पुढे कट्ट्यावरचे लोक ते वाक्य वर्षभर वापरत होते.

मत देण्याचा त्यांचा एक नियम मात्र कधी मोडला नाही. गेम शेवटापर्यंत खेळल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही. "पेशंट पुरता तपासला नाही तर चार्टवर काय लिहिणार? दारातून बघून निदान करणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिलेत."

आणि मग ते शेंडेफळ आलं.

चार भाग काढून कंपनीने पाचवा काढला नाही. त्याऐवजी त्याच गावांचा, त्याच माणसांचा एक मारामारीचा गेम काढला. बोलणं नाही, निवड नाही, टर्न तर नाहीच. हजार हजार शत्रू अंगावर येतात आणि आपण सपासप कापत सुटायचं. कट्ट्यावर आग लागली. हा आमच्या मालिकेचा अपमान आहे, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. काही तरुण मंडळींचं म्हणणं, म्हाताऱ्यांनो, जरा हातपाय हलवा. दोन्ही बाजू एकाच माणसाची वाट पाहत होत्या. बेड नाइन काय म्हणतो?

बेड नाइनने दुपारी तीन वाजता गेम लावला आणि सव्वातीनला माझ्या दाराची बेल वाजवली.

"मॅडम, हा गेम नाही. भाजी मंडई आहे. सगळे धक्के मारतात, कोण कोणाचं ऐकत नाही."

"मग तसं लिहा."

"पुरा कुठे झालाय?" त्या म्हणाल्या आणि परत गेल्या.

त्या सुमारास त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी त्या म्हणत, चहा जास्त होतोय. मग तपासण्या झाल्या, आणि आजाराचं नाव त्यांनी डॉक्टरांच्या आधी स्वतःच सांगितलं. मला सांगताना आवाज वॉर्डातला होता. "हळूहळू वाढतो. बरा होत नाही. गोळी घेतली की दोन तास हात ऐकतो, मग ऐकत नाही." जुन्या 'कंदील'ला त्या दोन तासांनी काही फरक पडत नव्हता, तो थांबणारा गेम. हा नवा थांबत नव्हता. त्यात उजव्या अंगठ्याने एका सेकंदात तीन-तीनदा बटण दाबावं लागे. कट्ट्यावर एकाने टोमणा मारला की बेड नाइन घाबरलेला दिसतो. मी तो वाचून दाखवला तेव्हा सिस्टरांनी हात पदराखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. दिवाणावर उशी ठेवली होती, उशीवर कंट्रोलर. त्याला त्या शेवटपर्यंत रिमोटच म्हणत.

"मॅडम, तुमचा उजवा हात मोकळा आहे का?"

असं आमचं सुरू झालं. रोज तीन ते पाच. त्यांचा डावा अंगठा पात्राला चालवायचा, माझा उजवा अंगठा वार करायचा. तुम्ही हसत असाल, पण करून पाहा. एका अंगात दोन बायका राहायला आल्यासारखं वाटतं. एकीला पुढे जायचं असतं, दुसरी अजून मागच्यालाच मारत असते. पहिला आठवडा आम्ही एकमेकींची माफी मागण्यातच घालवला. मग एका दुपारी तीन दैत्यांनी आम्हाला भिंतीशी कोंडलं आणि सिस्टर ओरडल्या, "मार गं! बघत काय बसलीस! मार!" दैत्य मेले. सिस्टर कानशिलापर्यंत लाल झाल्या. "सॉरी, मॅडम. अगं-तुगं आलं तोंडात."

"राहू दे आता," मी म्हटलं.

तिथून पुढे आम्ही दोघी एकमेकींना 'तू' म्हणू लागलो. फक्त माझ्या तोंडून 'सिस्टर' गेलं नाही आणि त्यांच्या तोंडून 'मॅडम'. तुम्हाला लिहिताना मात्र माझ्या लेखणीतून 'त्या'च येतं.

त्या गेममध्ये खेळायला दहा-बारा पात्रं आहेत. सिस्टरांनी नायक घेतला नाही. त्यांनी खानावळीतली स्वयंपाकीण घेतली. चारही भागांत ही बाई फक्त कढईत डाव फिरवत उभी असते आणि कोणी समोर गेलं की "जेवून जा" एवढंच म्हणते. या गेममध्ये ती तोच लोखंडी डाव घेऊन मैदानात उतरते. चालायला जड, पण एकदा डाव फिरला की दहा जण आडवे. "बघ," सिस्टर म्हणाल्या, "चार भाग हिने नुसतं वाढलं. हिच्या मनात काय होतं ते विचारलं कोणी? मीसुद्धा हिचा केसपेपर केला नव्हता." त्या दिवशी त्यांनी वहीत नवं पान काढलं.

आम्ही अडकलो ती पुलावर. पुलावरच एक जुना किल्ला, त्याचे तीन दरवाजे, आणि ते पडू न देता बारा मिनिटं राखायचे. एवढंच काम. आम्ही सहा दिवस हरत होतो, आणि का हरत होतो ते आता कबूल करते. मला अर्धवट आवरलेली खोली सोडून पुढे जाता येत नाही. अंगणात शंभर मारले तरी कोपऱ्यात चौघे दिसले की माझा अंगठा तिकडेच.

"मॅडम, घर आवरायला आलोय का आपण?"

"चारच राहिलेत, सिस्टर."

"राहू देत! तिकडे दरवाजा पडतोय!"

पण त्यांचंही तसंच. आपल्या बाजूचा एखादा शिपाई पडला की सिस्टर स्वयंपाकिणीला त्याच्याजवळ नेऊन उभं करायच्या. गेममध्ये त्याचा काही उपयोग नाही. त्याला उठवता येत नाही, पाणी पाजता येत नाही. त्या नुसत्या थांबायच्या आणि वाकून टीव्हीकडे बघायच्या.

"सिस्टर, चल ना. तो गेलाय."

"ते तू कशी ठरवणार? तू काय डॉक्टर?"

"तो हलत नाहीये!"

"गप ऱ्हव वायच," त्या मालवणीत म्हणायच्या, म्हणजे प्रकरण गंभीर असे. तेवढ्यात मागे दरवाजा कोसळायचा.

सातव्या दिवशी पुन्हा एक दरवाजा कोसळला आणि सिस्टरांनी रिमोट उशीवर ठेवला.

"माझं चुकत होतं," त्या म्हणाल्या. "मी याला वॉर्ड समजत होते. मूळ 'कंदील' वॉर्ड आहे. एकेका बेडशी थांबायचं, विचारायचं, लिहायचं. ही कॅज्युअल्टी आहे गं. वॉर्डातल्या नर्सना कॅज्युअल्टी नेहमी आडदांड वाटते. मलाही वाटायची, तिकडे बदली होईपर्यंत."

"मग कॅज्युअल्टीत काय करतात?"

"जो ओरडतोय तो जिवंत आहे, तो थांबू शकतो. गप्प पडलाय त्याच्याकडे आधी बघायचं."

म्हणजे काय करायचं ते मला लगेच समजलं नाही, पण पुढच्या डावात त्यांनी स्वयंपाकिणीला गर्दीतून सरळ बाहेर काढलं. ज्या दरवाज्यावर गलका, तिथं जायचंच नाही. जिथं काहीच हालचाल दिसत नाही त्या मागच्या दरवाज्याशी जाऊन उभं राहायचं. आणि खरोखर, शत्रूचे सुरुंगवाले गुपचूप तिथूनच येत होते. बारा मिनिटं झाली. तिन्ही दरवाजे उभे. आम्ही दोघी दिवाणावर बसल्या जागी इतक्या जोरात ओरडलो की खालच्या मजल्यावरून फोन आला, सगळं ठीक आहे ना.

पण त्या दुपारपर्यंत गोळीचे दोन तास दीड तासांवर आले होते. पुढची पातळी अवघड होती, आणि गेम विचारत होता, सोपं करू का? मला ते कमीपणाचं वाटलं. परीक्षेत मी कधी ग्रेस मार्क दिले नव्हते. सिस्टरांनी माझ्याकडे न बघताच 'हो' केलं.

"म्हातारीला गोळी गिळता येत नाही म्हणून कुटून दिली तर ते काय औषध नव्हे?"

शेवटच्या लढाईला पोचेपर्यंत पावसाळा संपला. त्या दिवशी सिस्टर नेहमीच्या जागी बसल्या, डावा हात रिमोटवर ठेवला, आणि तो हातही थरथरत होता. अंगठा जागेवर राहीना. स्वयंपाकीण भिंतीला धडका देत फिरत राहिली. दोनदा हरलो. मी म्हटलं, उद्या बघू. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

"उद्या आजच्याहून बरा नसणार. मला माहीत आहे. तू दोन्ही घे."

त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताने डावा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. मी रिमोट घेतला. तुम्हाला काय सांगू, माझ्या डाव्या अंगठ्याला चालताच येत नव्हतं. सिस्टर बाजूने सांगत होत्या, "डावीकडे. अगं, तुझ्या डावीकडे. वळ. आता थांब. थांब म्हटलं ना! आता." पाचव्या खेपेला शत्रूंचा म्होरक्या, तो काळा राजा, पडला. स्वयंपाकिणीने डाव पदराला पुसला आणि गेम बनवणाऱ्यांच्या नावांची यादी सुरू झाली. मी रडत होते. का, ते माहीत नाही.

सिस्टरांनी यादी संपेपर्यंत सगळी नावं वाचली. मग म्हणाल्या, "झालं. तुझा गेम पुरा झाला."

"आपला."

"नाही. शेवटची लढाई मी खेळले नाही. मत तू लिहायचं."

मी खूप वाद घातला. पाच महिने रोज खेळलो, दरवाजे त्यांच्यामुळे राहिले, कट्ट्यावर वाट पाहताहेत ती त्यांची. काही उपयोग झाला नाही. "मी ऑपरेशनला शंभरदा उभी राहिले," त्या म्हणाल्या, "पण नोटवर सही ज्याच्या हातात सुरी त्याची. बेड नाइनने गेम पुरा केला नाही, त्यामुळे बेड नाइनला मत नाही. तू केलास. लिही."

मी अडतीस वर्षं मुलांना निबंध लिहायला लावले, पण स्वतःचं मत असं कुठे छापून दिलं नव्हतं. मी दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करणारी बाई. त्यातून विषय काय, तर तलवारी आणि दैत्य! तीन आठवडे कागद फाडले. तोवर सिस्टर पडल्या, हाड मोडलं नाही, पण शुभदा येऊन त्यांना दहिसरला घेऊन गेली. समोरच्या दाराला कुलूप लागलं. मग मात्र मी एका बैठकीत लिहून काढलं.

घोडबंदरच्या रस्त्याने टॅक्सी करून मी दहिसरला गेले. आमच्या वयाला ते परगावच. शुभदाने नदीकडची खोली मावशीला दिली होती. सिस्टर उशांना टेकून बसल्या होत्या, अंबाडा शुभदाने घातला होता आणि तो सैल होता. आवाज इतका बारीक झालेला की कान तोंडापाशी न्यावा लागला. त्या नीट बोलल्या अशी ती शेवटची भेट, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. त्यांना असावं.

"वाच," त्या म्हणाल्या. "इंग्रजीतच वाच. त्यांना तसंच जाणार ना?"

मी वाचलं. मी लिहिलं होतं की मूळ मालिका माणसाला विचार करायला वेळ देते आणि हा गेम देत नाही, आणि परहॅप्स हा त्याचा दोष आहे. पण जगात दोन्ही तऱ्हेच्या जागा असतात, आणि दुसऱ्या जागीही सेवाच चालते, हे मला एका मैत्रिणीने शिकवलं. चार भाग जी बाई फक्त वाढत उभी होती तिला या गेमने मैदानात आणलं, आणि परहॅप्स तेवढ्या एका गोष्टीसाठी तो खेळावा. कथा आखूड आहे, प्रकृती उत्तम आहे. मी तो सोप्या पातळीवर पुरा केला आणि मला त्याची लाज वाटत नाही.

सिस्टरांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोप लागली. मग ओठ हलले. मी वाकले.

"परहॅप्स दोनदा आलंय."

"हो का? बरं, एक काढते. कोणता काढू?"

"दोन्ही."

मी पर्समधून पेन काढलं, पलंगाच्या कडेवर कागद ठेवून दोन्ही शब्द खोडले, आणि त्यांना पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवलं.